शनिवारचं व्याख्यान गुरुवारी

९ जानेवारी २०२५ला दुपारी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये डबा खाताना फोन आला. एका विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रातून. "मॅडम, महिला दिनाच्या आठवड्यात अतिथी व्याख्यान ठेवायचं आहे. तुमचा तो ज्यू बायकांवरचा लेख वाचला. यहुदी स्त्रीवादी धर्मविचार, असा विषय घेऊ या. पंचेचाळीस मिनिटं. मानधन नियमाप्रमाणे." मी तोंडातला घास गिळला आणि हो म्हणून बसले.

फोन ठेवल्यावर घाम फुटला. मी पुण्यातल्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर तत्त्वज्ञान शिकवते. ज्यू नाही, हिब्रू येत नाही. 'पाहुण्या वक्त्या' म्हणून कधी कुठे गेलेली नाही. लेख म्हणजे एका दिवाळी अंकातली सहा पानं. अशा वेळी काय करायचं असतं, कागद कोणते लागतात, किती वाचायचं, हे शोधायला गेले तर मराठीत काही हाती लागलं नाही. म्हणून आता सगळं झाल्यावर सविस्तर लिहून ठेवते आहे.

पहिली गोष्ट: फोनवरचं हो हे हो नसतं. लेखी पत्र येईपर्यंत तिकीट काढायचं नाही, कॉलेजात सांगायचं नाही. माझं पत्र यायला एकोणीस दिवस लागले. मधे मी दोनदा फोन केला. एकदा 'सरांची सही राहिली आहे' आणि एकदा 'जावक क्रमांक पडला की पाठवतो' असं उत्तर मिळालं. २८ जानेवारीला ईमेलने पीडीएफ आली: शनिवार, दि. ८ मार्च, सकाळी अकरा. सोबत स्वीकृतीपत्राचा नमुना, बायोडाटा, पॅन, आधार, रद्द केलेला चेक, सगळ्याच्या स्वसाक्षांकित प्रती. त्याच संध्याकाळी सही करून पाठवलं. त्या तारखेकडे मी नीट पाहिलंच नाही, याचं फळ पुढे मिळालं.

कॉलेजातून ना-हरकत पत्र घ्यावं लागतं. कायम शिक्षकांना 'ऑन ड्यूटी' मिळते. आमच्यासारख्यांचे त्या दिवशीचे तास बुडाले की पैसेही बुडाले. पाहुणी म्हणून मिळणारं मानधन पंधराशे रुपये होतं. मनातल्या मनात हिशेब झाला आणि मी तो लगेच बंद केला. तुम्हीही करू नका, हातात फारसं काही राहत नाही.

मग वाचन. पहिले दोन आठवडे मी चुकीच्या दिशेने धावले. ज्यू धर्मात बायकांना काय काय करता येत नाही, याची यादीच करत सुटले. परंपरेने मिन्यान, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारे दहा जण, पुरुषच मोजायचे. घटस्फोटाचं पत्र, ज्याला गेट म्हणतात, ते नवऱ्याने द्यायचं असतं. त्याने दिलं नाही तर बाई 'अगुना' होते, साखळीला बांधलेली, दुसरं लग्न करता येत नाही. पाळीचे नियम, बसायची वेगळी जागा. यादी पानभर झाली तेव्हा मला माझाच कंटाळा आला. हे तर कुठल्याही धर्माबद्दल कुणीही बाहेरचा माणूस अर्ध्या तासात गोळा करू शकतो. त्यात विचार कुठे आहे?

वाट सापडली ती एका भांडणात. सिंथिया ओझिक या अमेरिकन लेखिकेने १९७९ साली एका निबंधात मांडलं की ज्यू बाईचा प्रश्न हा समाजव्यवस्थेचा आहे, ईश्वरविचाराचा नाही. नियम बदला, बायकांना अभ्यासाची दारं उघडा, देवाला मधे आणायचं कारण नाही. त्यावर ज्युडिथ प्लास्को या स्त्रीवादी ज्यू अभ्यासिकेचं उत्तर आलं: नाही, खरा प्रश्न ईश्वरविचाराचाच आहे. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात 'माणूस' म्हणजे पुरुष असतो आणि देवाची जी प्रतिमा असते तीही पुरुषाचीच. ती तशीच ठेवून तुम्ही एकेक नियम दुरुस्त करत बसलात तर आयुष्य पुरणार नाही. हे दोन्ही निबंध समोरासमोर ठेवून वाचले आणि माझ्या व्याख्यानाला कणा मिळाला. विषय मोठा असला की त्यातलं एक भांडण शोधावं, असं मी आता माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगते.

प्लास्को यांचं १९९०चं 'स्टँडिंग अगेन ॲट सिनाय' हे पुस्तक विकत घ्यावं लागलं. आयात प्रत, २,३०० रुपये, यायला सोळा दिवस. याच विषयावर लिहिणाऱ्या रेचल ॲडलर यांचं एक पुस्तक एका मैत्रिणीच्या विद्यापीठातून पंधरा दिवसांसाठी मिळालं. बाकी बरंच फुकट मिळतं. सेफारिया या संकेतस्थळावर तोरा हा मूळ धर्मग्रंथ आणि तालमुद हा धर्मपंडितांच्या चर्चांचा ग्रंथ, मूळ हिब्रू-अरामी आणि इंग्रजी भाषांतरासह आहेत. ज्यूइश विमेन्स आर्काइव्हचा ज्ञानकोश तर सुरुवात करायला उत्तम. झेरॉक्स, प्रिंट वगैरे मिळून तीनशेच्या आसपास गेले.

प्लास्को यांच्या पुस्तकातली एक जागा वाचली आणि मी उठून खोलीत फेऱ्या मारल्या. बायबलमधल्या निर्गम या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात सगळा समाज सिनाय पर्वताच्या पायथ्याशी जमलेला आहे. देवाशी करार व्हायचा आहे. ज्यू परंपरेत याहून मोठा क्षण नाही. आणि पंधराव्या ओवीत मोशे 'लोकांना' सांगतो: तिसऱ्या दिवसासाठी तयार राहा, बाईजवळ जाऊ नका. म्हणजे ज्यांना सांगितलं ते 'लोक' कोण? बायका तिथे उभ्या असणार, पण बोलणं त्यांच्याशी नाही, त्यांच्याबद्दल आहे. प्लास्को यांचा सगळा विचार या एका फटीतून आत शिरतो. त्या धर्म सोडून जात नाहीत. त्या म्हणतात, आम्ही तिथे होतोच. आमची आठवण लिहून ठेवली गेली नाही, ती आता आम्ही लिहू. आणि ही पद्धत परंपरेच्याच पोटातली आहे. मूळ ग्रंथात जिथे मौन आहे तिथे गोष्ट रचून भरायची, याला मिद्राश म्हणतात आणि रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, हे शतकानुशतकं करत आले आहेत. तेच हत्यार बायकांनी उचललं.

ॲडलर यांची गोष्ट मला वेगळ्या कारणासाठी आवडली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या ऑर्थोडॉक्स, म्हणजे परंपरेचे नियम काटेकोर पाळणाऱ्या, होत्या आणि पाळीच्या शुद्धाशुद्धीच्या नियमांचं त्यांनी फार सुंदर समर्थन लिहिलं होतं: हे मरण आणि नव्या जन्माचं चक्र आहे, यात बाईला हीन लेखणं नाही. वीसेक वर्षांनी, १९९३ साली, त्यांनी स्वतःचं ते लिखाण जाहीरपणे मागे घेतलं. जेरुसलेमचं मंदिर पडल्यावर शुद्धाशुद्धीचे बाकीचे नियम व्यवहारातून गेले, रोजच्या जगण्यात ओझं उरलं ते मुख्यतः बाईच्या अंगावर, मग त्याला विश्वाचं चक्र कसं म्हणायचं? आपलं गाजलेलं लिखाण चुकलं असं छापून सांगणारी माणसं मी आमच्या क्षेत्रात फार पाहिलेली नाहीत.

आता काकूंकडे येते. खरं तर त्यांच्यापासूनच सुरुवात करायला हवी होती.

आमच्या जुन्या शेजाऱ्यांच्या ओळखीने रास्ता पेठेतल्या एका बेने इस्रायली, म्हणजे मराठी बोलणाऱ्या कोकणी ज्यू समाजातल्या, काकूंकडे मी १३ फेब्रुवारीला गेले. वय ऐंशीच्या पुढे, मूळ गाव अलिबागकडचं, आडनाव 'कर'कारान्त, बोलणं आपल्यासारखंच, मधूनच कोकणातला हेल. त्या दिवशी तू बिश्वात, झाडांचा सण होता. त्यांच्याकडे एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा केलेला. मोठ्या ताटात भिजवलेले गोड पोहे, वर ओलं खोबरं, वेलची, भोवती चिरलेली फळं. मला वाटी दिली आणि म्हणाल्या, "खा आधी. मग काय ते लिहून घे."

मी आदल्या रात्री प्रश्नावली करून नेली होती. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी मला थांबवलं. "तू आमच्या बायकांची कीव करायला आलीस का?" मी नाही म्हणाले, पण कागद उलटा करून ठेवला. त्या पानभर यादीचाच तो अवतार होता. मग त्या आपल्या आपण बोलत गेल्या. सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, त्यांच्या घरात मशीदच म्हणायचे. (मुंबईचं मस्जिद बंदर स्टेशन हे नाव १७९६ साली सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेल्या सिनेगॉगवरून पडलं, असं सांगतात.) लहानपणी वरच्या गॅलरीत बायकांत बसून सकाळची प्रार्थना ऐकायची. हिब्रू सगळी पाठ, अर्थ कुणाला ठाऊक? मोठेपणी मराठी भाषांतराचं पुस्तक हातात आलं तेव्हा कळलं की खाली पुरुष रोज म्हणायचे त्यातलं एक वाक्य होतं: मला बाई केलं नाहीस म्हणून तू धन्य आहेस. "बाबांना विचारलं. ते म्हणाले, तुमच्यासाठी वेगळं आहे की. 'आपल्या इच्छेप्रमाणे मला घडवलंस.' मी म्हटलं, बाबा, मग त्याची इच्छा काय होती ते तरी विचारून या."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

निघताना मी मोठ्या उत्साहाने म्हटलं, "काकू, तुम्ही याल का व्याख्यानाला? गाडी करते. ८ मार्च, शनिवार."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "शनिवारी? अगं, कोकणात आम्हाला नावच शनिवार तेली पडलं. शनिवारी घाणा बंद ठेवायचो म्हणून. आणि तू आमच्यावरचं भाषण शब्बाथला ठेवलंस?"

सोळा दिवस तारीख पत्रावर माझ्यासमोर होती. शब्बाथवर, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रामदिनावर, मी दोन पानं टिपणं काढली होती. रिक्षात बसल्यावर कान तापलेले मला अजून आठवतात.

त्याच रात्री केंद्राच्या समन्वयक मॅडमना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे, पण हॉलचं बुकिंग, परिपत्रक, फ्लेक्स सगळं झालंय. अर्ज द्या." तर अर्ज दिला. कारण: 'सदर दिवस यहुदी धर्मीयांचा साप्ताहिक पवित्र विश्रामदिन असल्याने.' शुक्रवार चालला असता, पण सूर्यास्ताला शब्बाथ लागतो आणि परतीच्या प्रवासाचा भरवसा नाही, म्हणून गुरुवार, ६ मार्च मागितला. पाच दिवसांनी फोनवर होकार आला. नवं पत्र मात्र आलं नाही. 'तोंडी मान्यता आहे, या तुम्ही.' मीही गप्प बसले. कामाच्या दृष्टीने या लेखातली सर्वांत महत्त्वाची सूचना हीच: तारीख बदलली की सुधारित पत्र हातात घ्या. मी घेतलं नाही.

काकूंचे गुडघे चार-पाच तासांचा प्रवास सोसण्यातले नव्हते. त्यांनी फोनवर चार मिनिटं बोलणं रेकॉर्ड करून दिलं, नाव सांगायचं नाही या अटीवर. मी ती अट कागदावर लिहून त्यांची सही घेतली. कुणाचं बोलणं सभेत ऐकवणार असाल तर एवढं करावंच.

फेब्रुवारीचा शेवट कापाकापीत गेला. पहिला मसुदा चौदा पानांचा. स्वयंपाकघरात ओट्यावर मोबाइल ठेवून, घड्याळ लावून मोठ्याने वाचला: एक तास बावीस मिनिटं. गूढवादी परंपरेतली शेखिना, म्हणजे देवाचं स्त्रीरूप सान्निध्य, तिच्यावरची तीन पानं काढताना जीव तुटला. लिलिथ, ज्यू दंतकथेतली आदमची पहिली बायको, गेली. १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये झालेली ज्युडिथ कॅप्लानची बात मिट्झवा, म्हणजे मुलगी वयात आल्याचा धर्मविधी, गेली. राहिल्या चार गोष्टी: ओझिक-प्लास्को वाद, निर्गमाची ती ओवी, ॲडलरची माघार आणि प्रार्थनेची भाषा. सहा पानं, एक्केचाळीस मिनिटं.

रेजिना योनास यांना मात्र मी काढू शकले नाही. बर्लिनची बाई. १९३० साली तिने प्रबंधच या प्रश्नावर लिहिला की हलाखानुसार, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसार, बाई रब्बी होऊ शकते का. १९३५ साली तिला रब्बीपद मिळालं, जगातल्या बाईला मिळालेलं पहिलं. १९४२ साली तिला टेरेझिनच्या छळछावणीत नेलं. तिथल्या संग्रहात तिच्या चोवीस व्याख्यानांची यादी आहे, मथळा असा: 'एकमेव स्त्री रब्बी रेजिना योनास यांची व्याख्यानं'. १९४४ साली तिला ऑशविट्झमध्ये मारलं. तिचे कागद बर्लिनच्या एका संग्रहात पडून होते, ते भिंत पडल्यावर, १९९१ साली अभ्यासकांच्या हाती आले. मधल्या काळात, १९७२ साली अमेरिकेत सॅली प्रीसँड रब्बी झाल्या तेव्हा सगळीकडे 'पहिली' असंच म्हटलं गेलं. ती यादी मी स्लाइडवर घेतली आणि खाली एकही शब्द लिहिला नाही.

मराठी माणसाला हे सगळं परकं वाटेल का, ही धाकधूक होती. म्हणून शेवटच्या दोन स्लाइड इथल्या. एक पुण्यात १८७४ साली छापलेल्या मराठी हगादाची. वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायचं हे पुस्तक, त्यातल्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताहेत. पीठ मळणारी, लाटणारी, भाजणारी. स्कॅन आंतरजालावर सापडतं. दुसरी स्लाइड डॉ. जेरुशा झिराड यांची. कामा रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टर, १९६६च्या पद्मश्री. लंडनला वैद्यकी शिकताना त्यांची उदारमतवादी ज्यू विचाराशी ओळख झाली आणि १९२५ साली मुंबईत त्यांनी ज्यूइश रिलिजस युनियन स्थापन केली. भारतातल्या ज्यू समाजात उदारमतवादी धर्मपंथाची सुरुवात एका बेने इस्रायली बाईने केली, या गोष्टीला आमच्या व्याख्यानाच्या वर्षी बरोबर शंभर वर्षं होत होती. हे मला फेब्रुवारीच्या अखेरीस लक्षात आलं. आयोजकांना सांगितलं, तर "छान, बातमीत टाकू" म्हणाले.

६ मार्चला पहाटे साडेपाचची एसटी. बायकांना तिकीट अर्धं असल्याने येऊन-जाऊन ४१० रुपये. तिकिटं पाकिटात जपून ठेवली. एसटीचं तिकीट इतकं पातळ असतं की महिनाभरात शाई उडते, म्हणून उतरल्या उतरल्या फोटो काढून ठेवावा.

हॉलच्या दारात नवा फ्लेक्स होता, तारीख बरोबर. पण विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर गेलेल्या सूचनेत थिऑलॉजीचं टेक्नॉलॉजी झालं होतं. त्यामुळे संगणकशास्त्राची दोन मुलं पहिल्या बाकावर वही घेऊन बसलेली. मी त्यांना खरं काय ते सांगितलं. एक म्हणाला, "आता आलोच आहे तर बसतो मॅडम." दोघंही शेवटपर्यंत बसले.

दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार. अकराचं व्याख्यान अकरा बत्तीसला सुरू झालं. आणि हॉल सव्वाबाराला दुसऱ्या कार्यक्रमाला द्यायचा होता. ही कात्री बहुतेक ठिकाणी लागते असं नंतर चार जणांनी सांगितलं. तेव्हा पंचेचाळीस मिनिटांचं भाषण पस्तीस मिनिटांतही उभं राहील असं तयार ठेवा. कुठला परिच्छेद गाळायचा तिथे कागदावर आधीच पेन्सिलने चौकट आखून ठेवा. मी आखली होती, तेवढं एक शहाणपण.

सुरुवातीला मी कोण नाही ते सांगितलं: ज्यू नाही, हिब्रूची जाणकार नाही, भाषांतरांतून वाचलेलं सांगते आहे. आवाज कापत होता. निर्गमाची ओवी मी स्वतः न वाचता तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीला वाचायला दिली आणि विचारलं, "हे कुणाला सांगितलंय?" ती म्हणाली, "लोकांना." "लोक म्हणजे?" ती पुन्हा कागदाकडे बघायला लागली. सगळा हॉल तिच्याबरोबर ती ओळ पुन्हा वाचत होता. तिथून पुढे माझा आवाज सुटला.

काकूंचं रेकॉर्डिंग लावायची वेळ आली तेव्हा हॉलच्या स्पीकरला लॅपटॉपचा आवाज जाईना. वायर हलवून पाहिली, शिपाईमामांनी दुसरी आणली, नाहीच. शेवटी मी मोबाइल माइकला टेकवून धरला. चार मिनिटं हात वर धरून उभी. काकूंचा आवाज थोडा पत्र्यासारखा येत होता, पण 'मग त्याची इच्छा काय होती ते तरी विचारून या' या वाक्याला मागच्या बाकांवरून हशा आला आणि मग एकदम शांतता.

फळ्यावरचा भाग मी आयत्या वेळी वाढवला. ज्यू आशीर्वाद सुरू होतात 'बारुख अता'ने. मी खाली मराठी लिहिलं: 'तू धन्य आहेस.' विचारलं, यात देव पुरुष आहे की बाई? कुणालाच सांगता येईना, कारण आपल्या वाक्यात ते दिसतच नाही. हिब्रूत दिसतं. 'अता' म्हणजे पुरुषाला म्हटलेलं 'तू', बाईला म्हणताना तो शब्दच वेगळा. तेच 'देवाने आकाश निर्माण केलं' या वाक्याचं. आपलं 'केलं' आकाशाच्या मागे जातं, हिब्रू क्रियापद देवाच्या मागे. म्हणजे त्या प्रार्थनेत दर पावलाला देवाचं पुरुषपण कानावर पडत राहतं. म्हणून मार्शिया फॉक या कवयित्रीने 'तू'च काढून टाकला आणि 'आपण जीवनाच्या झऱ्याला धन्य म्हणू या' अशी नवी सुरुवात रचली. झऱ्यासाठीचा हिब्रू शब्द स्त्रीलिंगी आहे. हे म्हणेपर्यंत एक मुलगी ओरडलीच, "मॅडम, पण आपला झरा तो झरा!" मग पाच मिनिटं हॉलभर शब्द उडत होते: विहीर, नदी, गंगोत्री. संगणकवाल्या मुलाने 'पाणपोई' सुचवलं. मला अजून तोच शब्द सर्वांत आवडतो.

प्रश्नांना सात मिनिटं मिळाली. एम. ए.च्या एका मुलीने प्रश्न नाही विचारला, सोयराबाईंचा 'देहासी विटाळ म्हणती सकळ' हा अभंगच म्हटला आणि म्हणाली, ॲडलर बाईंना हा कुणीतरी पाठवा. एका मुलाने गाझाबद्दल विचारलं. तो प्रश्न येणार हे उघड होतं. 'राजकारण नको' असं मला आधी सुचवलंही गेलं होतं. मी इतकंच सांगितलं की ज्यू धर्मपरंपरा आणि इस्रायल हे राज्य या दोन गोष्टी एक नाहीत, आणि आपण जिच्या पुस्तकावर बोलतोय ती प्लास्को त्याच पुस्तकात त्या राज्याने बायकांशी आणि पॅलेस्टिनींशी जे केलं त्यावर टीका करते. त्याचं समाधान झालं नसावं. मला याहून जास्त सात मिनिटांत जमलं नाही.

चहा, सामोसा, बर्फी. उपस्थितीपत्रकावर बासष्ट सह्या, हॉलमध्ये माझ्या मोजणीने पंचेचाळीस माणसं. स्थळ-वेळ उमटणारे फोटो काढताना मला दोनदा पुन्हा माइकसमोर उभं केलं.

मग बिल. मानधनाची पावती दोन प्रतींत, रेव्हेन्यू तिकिटावर सही, मूळ एसटी तिकिटं, बँकेचा तपशील. रेव्हेन्यू तिकीट तिथे संपलेलं होतं. दोन घरून नेली असती तर काम त्याच दिवशी झालं असतं. पुण्याहून पोस्टाने पाठवलं, १२ मार्चला पोचलं. मार्च एंडच्या आत निघेल म्हणाले. नाही निघालं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लेखा विभागाचा आक्षेप आला: निमंत्रण पत्र दि. ८ मार्चचे, व्याख्यान दि. ६ मार्च रोजी, तिकिटेही दि. ६ची. सबब खुलासा करावा.

खुलासा केला. तोंडी मान्यता चालत नाही असं कळलं. मग केंद्राने शुद्धिपत्रक काढायचं ठरवलं, त्यात उन्हाळी सुट्टी लागली. मी दर सोमवारी एक छोटा, सभ्य ईमेल पाठवत राहिले, आधीच्याच धाग्यात, नवा विषय न करता. ही युक्ती मला तिथल्याच एका क्लार्क ताईंनी सांगितली. फाइल शोधायला तोच धागा कामी येतो म्हणे. १९ जूनला खात्यात १,९१० रुपये जमा झाले.

दुसऱ्या दिवशी काकूंना फोन केला. त्यांना मानधनाची माझ्यापेक्षा जास्त काळजी होती. आले म्हटल्यावर विचारलं, इतका उशीर का? मी शुद्धिपत्रक काढून वाचून दाखवलं: "संदर्भीय पत्रात 'शनिवार, दि. ८' ऐवजी 'गुरुवार, दि. ६' असे वाचावे."

"परत वाच," काकू म्हणाल्या.

मी परत वाचलं.

"आणि खाली शिक्का आहे?"

"गोल शिक्का आहे, काकू. सहीसकट."

"मग त्याची एक झेरॉक्स मला आणून दे," त्या म्हणाल्या. "येताना पोहे घेऊन ये, जाड. इथले नीट भिजत नाहीत."